नवी रेड वाईन तुरट लागली म्हणजे ती खराब असते का? बोर्दो ब्लेंड चाखायची आणि पारखायची रीत

सकाळी पंचवटीत रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि दुपारी गाडी वळवून एखादी वायनरी. मुंबई-पुण्याहून नाशिकला येणाऱ्या अनेकांचा हा आता ठरलेला कार्यक्रम आहे. पंचवटीतून निघणारा दिंडोरी रोड म्हसरूळ ओलांडून थेट द्राक्षबागांच्या पट्ट्यात शिरतो. शहराच्या दुसऱ्या अंगाला गंगापूर धरणाच्या वाटेवरही वायनरी आहेत.

टेस्टिंगच्या टेबलावर पहिले दोन-तीन ग्लास मजेत जातात. व्हाईट वाईन थंडगार आणि फुलासारखी, रोझे हलकी. मग समोर येते गडद जांभळट रेड. एक घोट घेतला की चेहरा कसनुसा होतो. जीभ कोरडी पडते, गालाच्या आतून कुणीतरी ओढल्यासारखं वाटतं, जणू कच्च्या केळाची साल चावली.

इथून पुढे दोन गोष्टी घडतात. काहीजण "ही खराब झालीये" म्हणून ग्लास बाजूला सारतात. काहीजणांना कुणीतरी सांगतं, "आत्ता नवी आहे, चार-पाच वर्षं ठेवा, मग बघा." ते दोन बाटल्या विकत घेतात आणि घरी माळ्यावर टाकून देतात.

बहुतेक वेळा दोघंही चुकतात आणि दोघांचेही पैसे वाया जातात. तुरटपणा हा नव्या रेड वाईनचा दोष नाही. पण ती तुरट आहे म्हणून पुढे सुधारेलच, असंही नाही. पारखायचं असतं ते तुरटपणा कोणत्या जातीचा आहे आणि त्याच्या जोडीला आणखी काय आहे, हे.

बोर्दो ब्लेंड म्हणजे नेमकं काय?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक महासागराजवळ बोर्दो नावाचं शहर आहे. तिथल्या बागायतदारांची रेड वाईन सहसा एकाच जातीच्या द्राक्षाची नसते. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, कॅबर्ने फ्रां, पेती वर्दो आणि माल्बेक या पाच जाती कमी-जास्त प्रमाणात एकत्र केल्या जातात. सहावी कार्मेनेर, पण ती बोर्दोत आता नावालाच उरली आहे. पाच वडांवरून पंचवटी हे नाव पडलं असं सांगतात. आकडा लक्षात ठेवायला नाशिककरांना एवढं पुरे. प्रत्यक्षात पाचही जाती एका बाटलीत क्वचितच असतात. कॅबर्ने आणि मर्लो ही मुख्य जोडी, बाकीच्या मिठासारख्या, चवीपुरत्या.

ही मिसळ कुठून आली? चवीच्या आधी कारण होतं हवामान. कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर का पेरतो, तेच कारण. मर्लोला कोंब लवकर फुटतात आणि ती पिकतेही लवकर. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते. वसंतात उशिराची हिमकडी पडली तर मर्लोला फटका बसतो, काढणीच्या वेळी पाऊस आला तर कॅबर्नेला. दोन्ही लावल्या की एक तरी हाती लागते. पुढे लक्षात आलं की चवीतही दोघी एकमेकींची उणीव भरून काढतात. कॅबर्ने ताठ, गडद आणि तुरट. मर्लो मऊ, भरदार, गोडसर वासाची. पेती वर्दो रंग आणि तुरटपणा वाढवते, कॅबर्ने फ्रां सुगंध देते.

आपल्याकडे नाशिकमध्ये या पद्धतीच्या सगळ्यात जवळ गेलेलं नाव म्हणजे दिंडोरीचं शातो द'ओरी. रणजित धुरू यांनी उभारलेल्या या वायनरीसाठी बोर्दोचेच वाईनतज्ज्ञ अथानास फाकोरेलिस सल्लागार होते आणि कॅबर्ने-मर्लो ब्लेंड ही तिची ओळख ठरली. कर्नाटकात नंदी हिल्सला ग्रोव्हर यांच्या 'ला रिझर्व' या वाईनसाठी बोर्दोचे प्रसिद्ध सल्लागार मिशेल रोलां यांनी काम केलं. हीच ग्रोव्हर कंपनी पुढे इगतपुरी तालुक्यातल्या झाम्पा वाईनच्या कंपनीशी एकत्र आली आणि ग्रोव्हर झाम्पा झाली. अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' ही सांजोव्हेझे या इटालियन द्राक्षात कॅबर्ने मिसळून बनते.

'ला रिझर्व'मध्ये कॅबर्नेसोबत मर्लो नाही, शिराझ आहे. नाशिकच्या दुकानांतही कॅबर्ने-शिराझ ही जोडी जास्त दिसते. काटेकोर बोलायचं तर हे बोर्दो ब्लेंड नव्हे, कारण शिराझ ही ऱ्होन खोऱ्यातली जात. पण एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपली वाईन फिकी पडली की ऱ्होनची शिराझ तिच्यात गुपचूप नव्हे, तर चक्क सांगून मिसळत असत. तेव्हा ही जोडी अगदी परकी नाही आणि पारखायची रीत दोन्हींना तीच लागू पडते.

नवी म्हणजे किती नवी?

इथे नाशिकचं आणि बोर्दोचं कॅलेंडर वेगळं आहे आणि बाटली घेताना ते कामी येतं. बोर्दोत द्राक्षकाढणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. नाशिकमध्ये वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि काढणी जानेवारीअखेर ते मार्च. म्हणजे दोन्ही बाटल्यांवर एकच वर्ष छापलेलं असलं, तरी नाशिकची वाईन बोर्दोच्या वाईनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

फरक नुसता महिन्यांचा नाही. बोर्दोची द्राक्षं लांबलचक उन्हाळी दिवसांत वाढतात आणि गारवा सुरू होताना पिकतात. नाशिकची थंडीत भरतात आणि ऊन चढताना पिकतात. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो, हे दरवर्षी बातम्यांत येतंच. त्या थंड रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवतात. पण मार्चमध्ये ऊन तापलं की साखर भराभर वाढते, आंबटपणा घसरतो आणि साल-बी मात्र मागे राहू शकतात. साखर तयार, बी कच्चं, अशा द्राक्षाची वाईन अंगाने भरलेली लागते, पण तिचा तुरटपणा हिरवा राहतो. म्हणून जाणते बागायतदार नुसत्या साखरेच्या आकड्यावर काढणी ठरवत नाहीत. द्राक्ष तोंडात टाकून बी चावून बघतात. बी तपकिरी आणि कुरकुरीत झालं की पीक तयार, हिरवं आणि कडू असलं की थांबायचं.

कोवळ्या वाईनची पारख करण्यावर बोर्दोचा तर अख्खा व्यापार उभा आहे. काढणीनंतरच्या वसंतात, वाईन जेमतेम सहा महिन्यांची आणि अजून पिंपात असताना, जगभरचे व्यापारी आणि समीक्षक तिथे चाखायला येतात. त्यांच्या मतावर भाव फुटतो, पैसे आधी दिले जातात आणि बाटली हातात पडायला आणखी दीड-दोन वर्षं जातात. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलाचं नाव जगभर झालं ते अशाच एका पारखीने. १९८२ सालची बोर्दो कोवळी असताना अनेकांना ती टिकेल की नाही याची शंका होती. पार्करने तिचं भरभरून कौतुक केलं, भाव चढले आणि वाईन टिकलीही.

ग्लास हातात घेण्याआधी

नाशिकच्या उन्हाळ्यात रेड वाईनचं सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला म्हणजे "रेड रूम टेंपरेचरला प्यायची." हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांमधला. पंचवटीतल्या एप्रिलमधल्या खोलीचं तापमान ३५ अंश असेल, तर त्या तापमानाला कोणतीही रेड नुसती दारूसारखी भपकते. १६ ते १८ अंश हवेत. त्यासाठी बाटली आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवली की काम होतं. फार गार मात्र करू नये. थंडीने वास दबतो आणि तुरटपणा आणखी टोचतो.

ग्लास काचेचा, पारदर्शक, वर किंचित निमुळता आणि एक तृतीयांशच भरलेला. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. चाखण्याआधी पान, तंबाखू, बडीशेप, कडक चहा नको. सोबत साधी पोळी किंवा पाव आणि पाणी पुरे. चाखणारे वाईन थुंकतात, त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. आपल्या पिकदाणीचाच हा भाऊबंद. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सहा वाईन गिळून सातवीबद्दल मत देणाऱ्याचं मत कुणी धरू नये, आणि गाडी चालवून परत जायचं असेल तर प्रश्नच मिटला.

आधी डोळे, मग नाक

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा आणि कडेचा रंग बघायचा. कोवळ्या कॅबर्ने-मर्लोची कड जांभळट असते, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो तसला रंग. वय वाढतं तशी ती लालसर, मग विटकरी होते. दोन-तीन वर्षांच्या वाईनची कड आत्ताच विटकरी दिसत असेल, तर तिला कुठेतरी ऊन किंवा हवा लागली असण्याची शक्यता आहे. गडद रंग म्हणजे चांगली वाईन, असं मात्र नाही.

रंगाने माणूस किती फसतो याचा एक प्रयोग बोर्दोतच झाला. फ्रेदेरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना व्हाईट वाईन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन करताना रेड वाईनचेच शब्द वापरले. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणूनच बाटलीचं लेबल आणि किंमत झाकून चाखणं बरं.

वास दोनदा घ्यायचा. एकदा ग्लास न हलवता, एकदा गोल फिरवून. पुस्तकांत कॅबर्नेच्या वासाला ब्लॅककरंट म्हणतात. ते फळ आपल्याकडे कुणी फारसं पाहिलेलंच नाही. त्यामुळे पाठ केलेला शब्द फेकण्यापेक्षा करवंद, जांभूळ, तुती असं जे आठवेल ते म्हणावं. मर्लोत आलुबुखाराची आठवण येते.

कॅबर्नेची आणखी एक खूण म्हणजे ढोबळी मिरची. नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा तो हिरवा वास आणि कॅबर्नेतला हिरवा वास एकाच जातीच्या द्रव्यांमुळे येतो. त्यांना पायराझिन म्हणतात. द्राक्ष पिकतं, घडांना ऊन मिळतं, तसं ते कमी होतं. थोडा वास असला तर वाईन ताजी वाटते. ग्लासातून नुसती भाजीच दरवळत असेल, तर द्राक्षं कच्ची काढली असं समजायला हरकत नाही.

मग पिंपाचा वास. ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेल्या वाईनमध्ये लवंग, व्हॅनिला, खोबरं, भाजलेली कॉफी असे वास येतात. लवंगेची आठवण उगाच येत नाही. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल हे द्रव्य भाजलेल्या ओकमध्येही असतं. कोवळ्या वाईनमध्ये लाकूड थोडं पुढे असणं चालतं, ते पुढे मिसळतं. पण फळाचा वास शोधावा लागत असेल आणि नाकात फक्त फर्निचरचं दुकान असेल, तर लाकडाने उणीव झाकली आहे. किंमतवान बाटल्यांमध्ये ही लबाडी जास्त आढळते.

तुरटपणाची पारख

घोट मोठा घ्यावा, तोंडभर फिरवावा, पाच-सहा सेकंद धरावा आणि मग थुंकावा किंवा गिळावा.

इंग्रजीत वाईन शिकणाऱ्यांना सगळ्यात आधी अडतं ते इथे. तुरट या अनुभवाला त्यांच्या रोजच्या बोलण्यात सोपा शब्द नाही. मग 'कडू', 'कोरडं', 'आंबट' यांची गल्लत होते. मराठी माणसाला ही अडचण नाही. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेगळे मोजले जातात आणि प्रत्येकाने लहानपणी आवळा, कच्चा पेरू, जांभूळ, सुपारी, कोकणात काजूची बोंडं चाखलेली असतात. वाईनच्या जगात जिला टॅनिन म्हणतात, ती ही ओळखीचीच गोष्ट आहे.

टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, देठातून आणि थोडंफार लाकडी पिंपातून. थॉमसन किंवा सोनाकासारख्या खायच्या द्राक्षाची साल पातळ, बी नाही, म्हणून ती तुरट लागत नाहीत. वाईनची कॅबर्ने मात्र वाटाण्याएवढी लहान, जाड सालीची आणि बियांची असते. रेड वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळे सगळं टॅनिन रसात उतरतं.

तोंडात गेल्यावर हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. लाळेचं वंगण कमी होतं आणि तोंड खरखरीत होतं. म्हणजे तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्श जास्त आहे. चहा जास्त उकळला की असाच लागतो आणि दूध घातलं की मऊ होतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला आधीच पकडतात. चीज, पनीर किंवा मटणासोबत कोवळी रेड अचानक शहाणी वाटू लागते, तेही याचमुळे. उलट झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत ती घेऊन बघावी. तुरटपणा आणि अल्कोहोल मिळून तिखट दुप्पट पेटवतात.

आता मुख्य गोष्ट. तुरटपणा किती आहे, यापेक्षा तो कसा आहे हे महत्त्वाचं. चांगला तुरटपणा पिकल्या जांभळासारखा असतो. तोंडभर सारखा पसरतो, बारीक भुकटीसारखा जाणवतो आणि त्याच्या मधोमध फळाची चव टिकून राहते. वाईट तुरटपणा कच्च्या पेरूसारखा, किंवा चुकून चावलेल्या डाळिंबाच्या सालीसारखा. हिरड्यांवर आणि जिभेच्या मागे टोचतो, सोबत कडवटपणा आणतो आणि फळ निघून गेल्यावरही तो एकटाच मागे उरतो. पहिल्या प्रकारच्या वाईनला वेळ दिला तर टॅनिनचे कण एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि वाईन मऊ होते. दुसऱ्या प्रकारात तुरटपणा थोडा उतरतो खरा, पण कच्चेपणा जात नाही. तोवर फळही विझलेलं असतं.

तुरट आणि आंबट यांची गल्लत होत असेल तर सोपी खूण आहे. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने तोंड सुकतं. चांगल्या कोवळ्या बोर्दो ब्लेंडमध्ये दोन्ही एकामागून एक घडतं.

मग निकाल कसा द्यायचा?

गुण देण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. पार्करची १०० गुणांची, कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाची २० गुणांची. घरच्या टेबलावर आकड्यांची गरज नाही.

समजा, दिंडोरी भागातल्या दोन वर्षांच्या कॅबर्ने-मर्लोचा ग्लास समोर आहे. कड जांभळी. नाकाला करवंद, थोडी ढोबळी मिरची, मागे लवंग. तोंडात पहिल्यांदा फळ, मग आंबटपणा, मग जोरदार तुरटपणा. गिळल्यावर घशात किंचित ऊब. इथे बघायचं की एकही गोष्ट बाकीच्यांना ढकलून पुढे आली आहे का. तुरटपणा जोरात असला, पण फळही तेवढंच भरलेलं आणि आंबटपणा जागा असेल, तर तोल आहे. वाईन कोवळी आहे, एवढंच. फळ पातळ आणि तुरटपणा मोठा असेल, तर तोल आज नाही आणि उद्याही येणार नाही, कारण वयाने फळ वाढत नाही. घसा जळत असेल तर अल्कोहोल पुढे आलं आहे. उष्ण प्रदेशातल्या वाईनमध्ये हा दोष वारंवार दिसतो. आंबटपणा कमी पडला तर वाईन जड, सुस्त, पाकासारखी लागते.

त्यानंतर चव तोंडात किती वेळ रेंगाळते ते मोजावं. फ्रेंचांनी या एका सेकंदाला 'कोदाली' असं नाव देऊन ठेवलं आहे. पाच सेकंदांत सगळं संपलं तर वाईन साधी. दहा-बारा सेकंद फळ आणि मसाल्याची चव राहिली तर चांगली. नुसता कोरडेपणा राहिला तर तो मोजायचा नाही. कोवळ्या वाईनमध्ये वासांची गुंतागुंत कमी असणार, त्याचे गुण फार कापू नयेत. चामडं, सुकी पानं, तंबाखू असले वास वयानेच येतात.

खरोखर खराब झालेली वाईन

तुरट वाईन परत करता येत नाही, पण काही दोष खरे असतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद खोलीसारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरसारखा वास झोंबत असेल तर ती आंबून बिघडू लागली आहे. फळाऐवजी शिजलेल्या मुरंब्याचा वास आणि फिकट तपकिरी रंग असेल तर उन्हाने भाजली. काडेपेटीची काडी विझवल्यासारखा वास मात्र बऱ्याचदा ग्लास जोरात फिरवला की उडून जातो. त्याला दोष म्हणण्याआधी पाच मिनिटं थांबावं.

प्यायची की ठेवायची?

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईनव्यापाऱ्याने एक चाचणी घेतली. फ्रेंच परीक्षक, झाकलेल्या बाटल्या, कॅलिफोर्नियाच्या कॅबर्ने विरुद्ध बोर्दोच्या नामांकित रेड. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३, म्हणजे जेमतेम तीन वर्षांची वाईन. बोर्दोची मूतों रोथशिल्ड १९७० दुसरी. फ्रेंच बाजूने लगेच सांगण्यात आलं की बोर्दो अजून कोवळी आहे, वर्षं जाऊ द्या, मग बघा. ३० वर्षांनी, २००६ मध्ये त्याच वाईन पुन्हा चाखल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या. गंमत म्हणजे या वेळी पहिली आली रिज माँटे बेलो १९७१, जी १९७६ मध्ये पाचवी होती. कोवळेपणी मागे असलेली वाईन पुढे जाऊ शकते, हे त्यातून दिसलं. 'कोवळी आहे' ही सबब प्रत्येक वेळी खरी ठरत नाही, हेही दिसलं.

त्या बाटल्या मुरल्या त्या थंड तळघरांत, जिथे तापमान वर्षभर १२ ते १५ अंशांच्या आसपास राहतं. नाशिकमधल्या फ्लॅटचा माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. तिथे एक मे महिना काढला तरी वाईन वर्षानुवर्षांचं म्हातारपण घेऊन खाली उतरते, आणि तेही मुरल्याशिवाय. नाशिकच्या बहुतेक रेड पहिल्या तीन-चार वर्षांतच प्याव्यात, अशाच हिशेबाने बनवलेल्या असतात. वाईन ठेवायचा छोटा फ्रिज घरात नसेल तर बाटली जपून ठेवण्यात अर्थ नाही. वायनरीतून निघताना एवढंच बघावं की बाटल्या डिकीत उन्हात तापत पडणार नाहीत. पंचवटीत दर्शनाला थांबून गाडी दोन तास उन्हात लावायची असेल, तर खरेदी परतीच्या वाटेवर करावी.

एखादी कोवळी बाटली पुढे सुधारेल का, हे अजमावायला तिथलेच लोक एक साधा उपाय वापरतात. अर्धी बाटली प्यायची, उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून, थोडी निवळू देऊन पुन्हा चाखायची. हवेने मुरण्याची क्रिया थोडी पुढे ढकललेली असते. आदल्या दिवशी मिटलेली वाईन दुसऱ्या दिवशी उमलली आणि तुरटपणा मऊ झाला, तर तिच्यात जीव आहे. दुसऱ्या दिवशी फळ गेलं आणि फक्त साल उरली, तर त्या वाईनची दुसरी बाटली घ्यायची गरज नाही. उरलेला ग्लास मटणाच्या रश्श्यात ओतावा, तिथे तिचा आंबट-तुरटपणा कामी येतो.